आयईएलटीएस, पीटीई, टोफेल की ओईटी? कोल्हापुरातून बाहेर जाणाऱ्यांनी नेमकी कोणती द्यावी?

शाहूपुरीची
नमस्कार मंडळी. आमच्या घरात एकाच वेळी दोघांची बाहेर जायची तयारी सुरू आहे आणि इंग्रजीची कोणती परीक्षा द्यावी याबद्दल दोघांना रोज नवा सल्ला मिळतोय, म्हणून हा धागा काढतेय.

धाकटा भाऊ मेकॅनिकल झालाय, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्याला मास्टर्स करायचंय. पहिली पसंती ऑस्ट्रेलिया, दुसरी जर्मनी. मित्र कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या मागे लागलेत, त्यामुळे तेही अधूनमधून डोकं वर काढतं. एका क्लासात चौकशीला गेलो तर म्हणाले, "पीटीई सोपी आहे, मशीन तपासतं, आमचे साचे पाठ केले की झालं." दुसरीकडे गेलो तर, "आयईएलटीएसशिवाय तिकडं कोणी विचारत नाही."

वहिनी स्टाफ नर्स आहे, तिला यूकेला जायचंय. तिनं आयईएलटीएस अकॅडमिकची तयारी सुरू केलीय, पण रायटिंग पुढं सरकेना. ड्युटी करून रात्री आलेख आणि तक्त्यांवर लिहीत बसते, बघवत नाही.

एकेका परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास, वर पुण्याला जाणं-येणं. ज्यांनी स्वतः यातलं काही केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गंगावेस
ताई, आधी देश, मग विद्यापीठ किंवा संस्था, आणि शेवटी परीक्षा. क्लासवाले हा क्रम उलटा करतात. ज्या कोर्सला अर्ज करणार त्याच्या पानावरची इंग्रजीची अट छापून घ्या आणि वर तारीख लिहून ठेवा. या अटी दरवर्षी बदलतात.

कागलहून मेलबर्न
भावाचं मी सांगतो, कारण मी याच वाटेनं आलोय.

ऑस्ट्रेलियासाठी दोन अटी वेगवेगळ्या धरा. एक व्हिसाची, दुसरी विद्यापीठाची. स्टुडंट व्हिसाला २३ मार्च २०२४ पासून आयईएलटीएसमध्ये ९ पैकी ६.० लागतो, आधी ५.५ वर भागायचं. शिकून झाल्यावर काम करायला जो ४८५ व्हिसा मिळतो त्याला ६.५. पण मास्टर्सला बरीच विद्यापीठं मुळातच एकूण ६.५ मागतात, वर ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं यांतल्या कुठल्याही भागात ६.० पेक्षा कमी नको असं म्हणतात. म्हणजे भावाला अडवणार ती विद्यापीठाची अट. तिच्यातलं "कुठल्याही भागात" हे नीट वाचा. एकूण ७ असूनही रायटिंगच्या ५.५ मुळं ऑफर अडकलेली पोरं मी पाहिलीत.

आता परीक्षा. ऑस्ट्रेलिया व्हिसाला आयईएलटीएस, पीटीई अकॅडमिक, टोफेल, ओईटी आणि आणखी काही घेतं. ज्या घरी बसून देता येतात त्या मात्र व्हिसाला चालत नाहीत. ड्युओलिंगो तासाभराची, स्वस्त, घरात लॅपटॉपवर होते, काही विद्यापीठं प्रवेशाला धरतातही. पण व्हिसाला दुसरी द्यावी लागणार असेल तर ते पैसे कशाला घालवायचे?

पीटीई "सोपी" आहे हे मला मान्य नाही. वेगळी आहे. सुमारे दोन तासांची, सगळी संगणकावर, गुण १० ते ९०, निकाल साधारण दोन दिवसांत. बोलायचं ते माईकमध्ये, आणि त्याच खोलीत बाकीचेही आपापल्या माईकमध्ये बोलत असतात. एक वाक्य एकदाच ऐकवतात, ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. दुसरं ऐकवतात, ते जसंच्या तसं टाइप करायचं. मध्ये तीन सेकंद गप्प राहिलात की रेकॉर्डिंग बंद होतं. विचार करून, थांबून बोलणाऱ्या माणसाला हे जड जातं. ज्याचं टायपिंग चांगलं, कान तयार आणि समोर माणूस बसला की घसा कोरडा पडतो, त्याला पीटीई बरी.

साच्यांचं सांगतो, कारण यात आपली पोरं फसताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पीटीईत बोलण्याचे दोन नवे प्रकार आले. एकात प्रसंग देतात आणि त्या जागी तुम्ही काय बोलाल ते बोलायचं. दुसऱ्यात काही जणांची चर्चा ऐकून तिचा सारांश सांगायचा. शिवाय काही उत्तरं आता माणसंही तपासतात. पाठ केलेलं तिथं उघडं पडतं.

आणखी एक, हे पुढं पीआरला उपयोगी. आधी सर्रास म्हणायचे, "पीटीईत चारही भागांत ६५ म्हणजे आयईएलटीएसचे सात बँड." ७ ऑगस्ट २०२५ पासूनच्या परीक्षांना ते गणित राहिलेलं नाही. आता तीच पातळी धरायला ऐकण्यात ५८, वाचनात ५९, लेखनात ६९ आणि बोलण्यात ७६ लागतात. ऐकणं-वाचणं उतरलं, बोलणं चांगलंच चढलं. क्लासच्या भिंतीवर अजून ६५ चा तक्ता असेल तर त्या क्लासनं काय काय ताजं ठेवलंय याचा अंदाज घ्या.

निवृत्त इंग्रजी शिक्षक
धागा वाचला. माझी हयात ग्रामीण भागातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि आता घरी चारदोन मुलं या परीक्षांसाठी येतात. मराठी माध्यमाचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

पोरी, भावाला पहिल्यांदा हे सांग की आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये उच्चाराच्या धाटणीला, म्हणजे ॲक्सेंटला गुण कापत नाहीत. चार गोष्टी बघतात: बोलणं सलग आणि सुसंगत आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण विविध आणि बरोबर आहे का, आणि उच्चार ऐकणाऱ्याला कळतात का. "कळतात का", एवढंच. गोऱ्या माणसासारखं बोलायचा प्रयत्न करणारी मुलं अडखळतात. कोल्हापुरी माणूस मुळात मोकळेपणानं बोलतो, ही जमेची बाजू आहे. तो मोकळेपणा इंग्रजीत आणायचा. वेग मात्र थोडा आवरायला लागतो.

मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. परीक्षक समोर असतो, काही केंद्रांवर व्हिडिओवर. मधल्या भागात एक विषयाचं कार्ड मिळतं, विचाराला एक मिनिट आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. भावाला फौंड्रीचा एखादा प्रसंग रोज फोनवर रेकॉर्ड करायला सांग: कास्टिंग नापास का झालं, गिऱ्हाइकानं काय तक्रार केली, मग काय बदललं. त्याच्याकडं सांगण्यासारखं भरपूर आहे. पुस्तकातल्या "माझा आवडता प्राणी" पेक्षा ते शंभरपट चांगलं निघेल.

आपल्या मुलांचे गुण जातात त्या जागा ठरलेल्या आहेत. आपल्या भाषेत इंग्रजीसारखं आर्टिकल नाही, म्हणून 'ए' आणि 'द' लिहिताना गळतात किंवा नको तिथं येतात. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे सर्रास ऐकू येतं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण एकच 'व' लावतो, तो ओठांचा फरक आठवड्याभरात बसतो. लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं, अनेकवचनाचा 'एस' राहिला तरी चुकलं. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन लिहिले तरी चुकलं. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, तेव्हा गेलेल्या उत्तरामागं धावायचं नाही, पुढचं पकडायचं.

रीडिंगमध्ये ६० मिनिटांत ४० प्रश्न. त्यात "खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलंच नाही" हा प्रकार आपल्या मुलांना फार नडतो. शाळेत आम्ही त्यांना उत्तर उताऱ्यात असतंच असं शिकवलेलं असतं. स्वतःचं सामान्यज्ञान बाजूला ठेवून फक्त उतारा काय म्हणतो ते बघणं, ही सवय नव्यानं लावावी लागते.

रायटिंगला एक तास. पहिलं, आलेखाचं उत्तर किमान १५० शब्द, दुसरं, निबंधाचं २५०, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. तरी मुलं आलेखावरच चाळीस मिनिटं घालवतात. चाळीस मिनिटं निबंधाला ठेवायची.

राजारामपुरी नववी गल्ली
सर, सरासरीचंही सांगा की. चार भागांची सरासरी ६.२५ आली की ६.५ धरतात, ६.७५ आली की ७. माझ्या मुलीला ७, ६.५, ६, ५.५ होते, एकूण ६.५ झाले. पण विद्यापीठाला प्रत्येक भागात ६ हवे होते.

कागलहून मेलबर्न
@राजारामपुरी, त्यासाठीच आता फक्त एकच भाग परत द्यायची सोय आहे. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली हवी, ६० दिवसांच्या आत द्यायची, आणि एका परीक्षेमागं एकदाच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला तो निकाल चालतो. तुमच्या विद्यापीठाला चालतो का ते ईमेलनं विचारून लेखी उत्तर घ्या, मगच पैसे भरा.

परिचारिका, सध्या लीड्स
वहिनींसाठी लिहितेय, जरा लांब होईल.

ताई, त्यांना ओईटीबद्दल कुणी सांगितलंच नाही का? आरोग्य क्षेत्रातल्या बारा व्यवसायांसाठी वेगवेगळी घेतली जाणारी इंग्रजीची परीक्षा आहे ती, नर्सिंगची स्वतंत्र. यूकेतली नर्सिंगची नोंदणी संस्था, एनएमसी, आयईएलटीएस आणि ओईटी दोन्ही घेते. आयईएलटीएस अकॅडमिक दिली तर वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५. ओईटी दिली तर त्या तिघांत बी म्हणजे ३५०, आणि लेखनात सी प्लस म्हणजे ३००.

फरक गुणांपेक्षा मजकुरात आहे. आयईएलटीएसच्या निबंधात शहरातली वाहतूक, सरकारनं कलेवर खर्च करावा का, असलं काहीही येतं. ओईटीत रुग्णाच्या नोंदी देतात आणि त्यावरून पत्र लिहायचं: डिस्चार्ज होऊन घरी चाललेल्या आजोबांची माहिती कम्युनिटी नर्सला, किंवा बदली होताना दुसऱ्या वॉर्डाला. १८० ते २०० शब्द, पाच मिनिटं नोंदी वाचायला आणि चाळीस मिनिटं लिहायला. बोलण्यात दोन रोलप्ले असतात, समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते. घाबरलेल्या आईला इंजेक्शन समजावून सांगणं, औषध नको म्हणणाऱ्या आजींशी बोलणं. वहिनी हे रोज करतात, फक्त मराठीत. सीपीआर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ज्यांनी एक पाळी काढलीय त्यांना या प्रसंगांचं नवल नाही.

पण ओईटी म्हणजे हमखास असंही नाही. पत्रात सगळ्या नोंदी उतरवून काढल्या की गुण जातात. वाचणाऱ्याला काय लागणार तेवढंच निवडायचं, आणि ही निवडच खरी परीक्षा. ऐकण्यात डॉक्टर-रुग्णाचं बोलणं नैसर्गिक वेगात असतं, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन दोन्ही धाटण्या येतात. शिवाय फी आयईएलटीएसच्या दुपटीच्या आसपास जाते. म्हणून पहिलं काम: ओईटीच्या संकेतस्थळावर नर्सिंगच्या मोफत नमुना प्रश्नपत्रिका आहेत, त्यातली एक घड्याळ लावून सोडवायची आणि तशीच एक आयईएलटीएसची. मग कुठं जवळ आहोत ते कळेल.

एनएमसी दोन वेळचे निकाल एकत्र धरते, दोन्ही परीक्षा बारा महिन्यांच्या आत दिलेल्या असल्या तर. मात्र दोन्ही वेळी एका ठरावीक किमान पातळीच्या खाली काही गेलेलं चालत नाही. एका भागात थोडक्यात हुकलं म्हणून खचून जायचं कारण नाही. आणि एनएमसीसाठी ही परीक्षा पास झाली की नर्सला व्हिसासाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

वहिनींना माझ्याकडून एवढं नक्की सांगा की रायटिंग अडकणं हे त्यांच्या इंग्रजीचं माप नाही. त्यांना अजून चुकीच्या विषयावर लिहायला लावलं जातंय.

शाहूपुरीची
ताई, काय बोलू. वहिनीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. "पत्र तर मी रोजच लिहिते" म्हणाली. उद्या सुट्टी आहे, नमुना पेपर सोडवणार आहे.

बावड्याचा, टोरांटो
कॅनडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मित्रांना सांगा, अकॅडमिक देऊन बसू नका. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीला आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर लागते. पीटीई कोअर ही पीटीई अकॅडमिकपेक्षा वेगळी परीक्षा आहे, ३० जानेवारी २०२४ पासून घेतात. टोफेल तिथं चालत नाही. "पीटीई कॅनडाला चालते" एवढंच ऐकून अकॅडमिक बुक केली की सगळे पैसे पाण्यात.

तिथं नुसतं पास होणं कामाचं नाही, प्रत्येक पायरीला गुण आहेत. कॅनडाची भाषेची मोजपट्टी सीएलबी. सीएलबी ९ साठी आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७. अविवाहित उमेदवाराला प्रत्येक भागात सीएलबी ८ ला २३ गुण, ९ ला ३१. वर शिक्षण आणि अनुभवाला जोडून मिळणारे गुणही सीएलबी ९ लाच पूर्ण पडतात. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले, तेव्हापासून भाषेचं वजन आणखी वाढलंय. म्हणून कॅनडावाल्यांनी लिसनिंगच्या ८ वर जीव टाकावा. तिथं ७.५ आले की सीएलबी ८ आणि सगळी साखळी तुटते.

सेलपिप कॅनडाचीच. सगळी एका बैठकीत संगणकावर, बोलणंही माईकमध्ये, उच्चार कॅनेडियन. तिची पातळी थेट सीएलबीशी जुळते, रूपांतराची भानगड नाही.

ज्यांच्या हाताशी वर्ष-दीड वर्ष आहे त्यांनी फ्रेंचचा विचार करा. चारही भागांत सातवी पातळी गाठली आणि सोबत इंग्रजीही बऱ्यापैकी असलं की जादा ५० गुण, आणि फ्रेंच येणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्याही निघतात. पुण्यात अलियाँस फ्रांसेज आहे. इंग्रजीत अर्धा बँड वाढवायला धडपडण्यापेक्षा काहींना हा रस्ता जवळचा पडेल.

विद्यानगर
जर्मनीचं थोडक्यात. इंग्रजीतल्या मास्टर्सला काही विद्यापीठं आयईएलटीएस किंवा टोफेलच मागतात, काही ठिकाणी पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला पुरतो. शिवाजी विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी इंग्रजीतूनच आहे, कॉलेजकडून दाखला मिळतो. कोर्सचं पान बघितल्याशिवाय परीक्षेचे पैसे भरू नका. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र मात्र लागतंच, आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे ते आधी सुरू करा.

टोफेल घेणार असाल तर जानेवारी २०२६ पासून तिची गुणपद्धत बदललीय. १२० ऐवजी १ ते ६ ची पट्टी आली, बदलाच्या काळात जुन्या पट्टीवरचा आकडाही सोबत देतात. विद्यापीठाच्या पानावर अजून ९० किंवा १०० लिहिलेलं असेल तर तो जुना आकडा.

मंगळवार पेठ
आमची मुलगी लग्न होऊन इंग्लंडला चाललीय. जावई तिथलेच नागरिक. तिलाही आयईएलटीएस लागेल का? ती बी.कॉम. आहे, इंग्रजी बेताचं.

परिचारिका, सध्या लीड्स
काकू, नेहमीची आयईएलटीएस नको. जोडीदाराच्या व्हिसाला पहिल्यांदा फक्त ए१ पातळी (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीची सगळ्यात खालची पायरी) लागते, तीही ऐकणं आणि बोलणं एवढीच. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए१ किंवा यूके सरकारनं मान्य केलेली तशीच दुसरी परीक्षा. लाइफ स्किल्स वीस मिनिटांच्या आत होते, परीक्षकासमोर आणखी एक उमेदवार बरोबर असतो. घर, जेवण, खरेदी, प्रवास अशा विषयांवर बोलायचं. मात्र केंद्र यूके व्हिसासाठी मान्यता असलेलंच हवं. पुढं मुदतवाढीला ए२ आणि कायमच्या वास्तव्याला बी१ लागते, तेव्हा तिचं इंग्रजी बोलणं आत्तापासून सुरू ठेवा.

ता. क. नोकरीच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून बी१ वरून बी२ झालीय. जुने व्हिडिओ बघून कुणी बी१ वर विसंबू नका.

गंगावेस
सगळ्यांसाठी पासपोर्टचं. या परीक्षांना ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट लागतो, आधारवर भागत नाही. नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच भरायचं. आपल्याकडं पासपोर्टात स्वतःच्या नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि फॉर्म भरताना लोक ते गाळतात. केंद्राच्या दारात हुज्जत होते. वहिनींचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि परीक्षेचा फॉर्म तिन्ही आधी एकसारखे करून घ्या. पासपोर्टासाठी पुण्याला जायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

परीक्षा पुण्यात सकाळची असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सव्वादोनशे किलोमीटर रात्रभर जागून जायचं आणि तीन तास कान टवकारून बसायचं, हे जमत नाही. हायवेची कामं सुरू असली की वेळेचा भरवसा नाही.

शाहूपुरीची
दोघांचंही ठरत आलंय. वहिनीचा ओईटीचा नमुना पेपर झाला. वाचन-ऐकणं बऱ्यापैकी आहे, पत्रात नोंदी जास्त उतरवल्या असं तिला स्वतःलाच वाटलं. ती आता ओईटीच देणार.

भावानं ऑस्ट्रेलियातल्या तीन कोर्सेसची पानं काढली. तिन्हींकडं आयईएलटीएस आणि पीटीई दोन्ही चालतात, एकूण ६.५ आणि प्रत्येक भागात ६. जर्मनीच्या एका कोर्सला आयईएलटीएस चालते, पीटीईचा उल्लेख नाही. तो माणसाशी चांगला बोलतो, माईकवर गडबडतो. म्हणून आयईएलटीएस अकॅडमिक, संगणकावर. एक शंका: तारीख कधीची घ्यावी? निकालाची मुदत दोन वर्षांची आहे ना?

कागलहून मेलबर्न
हो, दोन वर्षं. आणि निवड बरोबर आहे, एका निकालात दोन्ही देश झाले. इथं सत्र फेब्रुवारीत आणि जुलैत सुरू होतं. जुलै धरला असेल तर डिसेंबर-जानेवारीत परीक्षा द्या, म्हणजे एखादा भाग परत द्यायला जागा राहते आणि व्हिसालाही वेळ मिळतो. तारीख आधी घेऊन मग अभ्यास सुरू करू नका. केंब्रिजच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या, सलग तीनदा प्रत्येक भागात ६.५ आले की बुक करायचं.

निवृत्त इंग्रजी शिक्षक
भावाचे दोन-तीन निबंध इथं टाका, नाव काढून. मी दुरुस्त करून देईन, फी वगैरे काही नको.

परिचारिका, सध्या लीड्स
वहिनींना रविवारी तुमच्याकडच्या संध्याकाळी सात वाजता वेळ आहे का विचारा. व्हिडिओवर मी रुग्ण होते, त्यांनी नर्स व्हायचं. पहिल्या पत्राचा फोटो मला आधी पाठवा, त्यातल्या कोणत्या नोंदी गाळायच्या त्यावर खुणा करून ठेवते.